एस्तेरबाय उभी राहिली नाही

एस्तेरबाय गेल्याची बातमी मला पोदेराने दिली. सायकल दारात टेकवून, पाव काढायचं सोडून म्हणाला, "आजये, तुमची ती बिनमेणबत्तीची बाय गेली गो..." डिचोलीत आमची ओळख हीच. ना मूर्ती, ना मेणबत्ती, ना कुणी सांत, म्हणजे संत. प्रेस्बिटेरियन हे आमच्या ख्रिस्ती पंथाचं नाव कुणाच्या तोंडात मावतच नसे.

पोर्तुगीज गेल्यावर सावंतवाडीच्या बाजूने एक गोरा साहेब, त्याची मडम आणि औषधांची पेटी आली. तेच आमचं मिशन. मागे परदेशातली एवढीशी संस्था, कुठल्या मोठ्या मिशनच्या पदराखाली नसलेली. त्यांनी एक खोली बांधली. रविवारी प्रार्थना, एरवी दवाखाना. पेडण्याची एस्तेरबाय तिथली नर्स. शिरगावच्या खाणीवरचे खोकणारे, लाटंबार्शाचे काजूच्या तेलाने हात भाजलेले, सगळे तिच्याच बाकावर. मी कोल्हापूरकडून लग्न होऊन आलेली, नवरा खनिजाच्या ट्रकवर. बायच्या हाताखाली पट्ट्या गुंडाळायचे आणि स्वतःला डॉक्टरीण समजायचे!

साहेबाने दोन गोष्टी आमच्यात पक्क्या रुजवल्या. आमच्यात बिशप नाही, मंडळी ठरवील ते खरं. आणि गीत बसून गायचं, प्रार्थना मात्र उभं राहून करायची.

गोवा राज्य झालं त्या सुमाराला जुना साहेब मायदेशी परतला होता. संस्थेने नवा, कोवळा साहेब पाठवला. मिशन बंद होतंय, खोली विकायची, म्हणाला. मंडळीला विचारणं भागच होतं. "विकावी असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं." कुणी हललं नाही. साहेबाने घाम पुसला. "बरं... आधी प्रार्थना करू या."

झालं! सवयीने मी ताडकन उठू लागले. त्यात नवं इरकल नेसलेलं, साहेबाला दिसायला नको? बायने पदर असा ओढला की मी बाकावर आदळले. "बस गो! उबी रवलंस तर मोजतलो तो." विकायच्या बाजूने मोजेल, म्हणे.

साहेब कळवळला. "बाई, देवासमोर तरी उभ्या राहा."

"आम्ही का बसलोय ते देवाला ठाऊक आहे," बाय म्हणाली. "मंडळी ठरवील, हे तुमच्याच लोकांनी शिकवलं. करा तुम्ही प्रार्थना."

त्याने एकट्याने उभं राहून केली. 'आमेन' आम्ही दणकून म्हटलं... बसूनच.

संस्था मिटली, बायचा पगार थांबला, खोली राहिली. त्यानंतर दवाखाना नारळांवर, काजूंवर आणि बायच्या जिभेवर चालला. "बंद का करत नाही?" असं विचारणाऱ्याला ती आधी इंजेक्शन द्यायची, मग उत्तर.

तिच्या अंत्यविधीला बेळगावकडचे पाळक आले. "प्रार्थनेसाठी उभे राहू या," म्हणाले. सगळी खोली बसलेली. बिचारे दोनदा म्हणाले...

आता दाराजवळच्या तिच्या बाकावर मी बसते. नातसून पाहुण्यांना सांगते, आजीचे गुडघे गेलेत म्हणून उठत नाहीत. गुडघे गेलेत हे खरं. पण उद्या ते परत आले, तरी मी काही उठायची नाही.