मदतीच्या तिकिटावरची बैलजोडी

लिफाफ्यावर टपालाच्या तिकिटाशेजारी चिकटवायचं ते रंगीत मदतीचं तिकीट कुणी कौतुकानं दाखवलं, की माझं डोकं फिरतं. वर छापलंय, 'आपला कृषी वारसा'. खाली शिंगं रंगवलेली, झूल घातलेली बैलजोडी, खांद्यावर जू, मागे लाकडी नांगर आणि पाठमोरा फेटेवाला. ते बैल आमचे. फेटेवाले माझे वडील.

आमच्या फोपनार गावात आता जिकडेतिकडे केळीच. बैल पाळणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली, म्हणून ही तिकिटं काढणाऱ्या संस्थेची मंडळी आमच्या दारात आली, आणि आली ती नेमकी गेल्या वर्षी पोळ्याला. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"आज नाई जमत, साहेब. आज बैलाले सुट्टी राहते," बाबा म्हणाले.

"बस दो मिनट, बाबूजी. सजे हुए बैल फिर कहाँ मिलेंगे? किसानों के बच्चों की पढ़ाई का काम है," फोटोवाला म्हणाला.

दारात आलेल्याला नाही म्हणणं बाबांना जन्मात जमलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. त्यांनी जू ठेवलं, फोटो होताच काढलं, आणि बैलांच्या खांद्यांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. त्यांना वाटलं, झालं गेलं तापीला मिळालं.

पण तिकीट गावात पोचलं. अंगावर झूल आणि खांद्यावर जू, आणखी पुरावा कशाला हवा? पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जायची ती आमची जोडी. आजोबांपासूनचा मान होता तो. यंदा गावानं तो काढून घेतला आणि दिला कुणाला, तर एका ट्रॅक्टरवाल्याला! त्यानं बैल इच्छापूरहून एका दिवसापुरते मागून आणले होते. त्या संस्थेचा मला राग आहेच, पण गावाचा त्याहून जास्त आहे. बाबा कुणाशी भांडले नाहीत. बैलांना पुरणपोळी घातली आणि मिरवणूक संपेपर्यंत गोठ्यातच बसून राहिले.

परवा ते शहरात, सिंधीपुऱ्यात माझ्याकडे आले होते. शेजारच्या बाई तेच तिकीट घेऊन हौसेनं आल्या. "काका, हे तुम्हीच ना? तुमची सून सांगत होती."

बाबांनी चष्मा लावला. तिकीट उजेडात धरून नीट पाहिलं आणि परत दिलं.

"नाई बाई," ते म्हणाले. "मी कायले पोळ्याले जू ठेवीन?"