गिरणी थांबली तेवढा वेळ

त्या वर्षी काकूच्या पुढच्या खोलीत अर्ध्या जागेत कापूस होता आणि उरलेल्या जागेत कॉम्प्युटर. भाव वाढेल या आशेवर कापूस भिंतीला लावून पार आढ्यापर्यंत रचला होता. त्याचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून कॉम्प्युटरवर काकूचं जुनं लुगडं पांघरलेलं असायचं.

सलग दोन हंगाम बीटी कपाशीवर लाल्या पडला, पानं तांबडी होऊन झाडं वाळली. तेव्हा काकूने साखरखेर्ड्यातल्या त्या खोलीत अर्ज टाइप करून द्यायचं काम सुरू केलं. कॉम्प्युटर कोणीतरी वापरून काढलेला, आतली सिस्टिम त्याहून जुनी. इंग्रजी नीट उमटायचं. मराठी टाइप केलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. लोकांना अर्ज मराठीतच हवे असायचे, म्हणून ते जीपने चिखलीला जायचे. शेवटी काकांनी कॉम्प्युटरला गिऱ्हाईक पाहिलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं.

"तुले इंग्रजी वाचता येते," काकू फोनवर म्हणाली. "नवी सिस्टिम घेऊन ये. उद्यालोक मराठी दिसलं नाही, तर हे चाललं घरातून."

मी तेव्हा चिखलीत कॉम्प्युटर शिकत होते. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की मला पुष्कळ येतं. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे तो समज तसाच राहिला.

दुकानदाराने नवी डिस्क दिली, ती वाचणारा ड्राइव्ह दिला आणि मेमरीची एक पट्टीही. जुन्या ड्राइव्हला ही डिस्क वाचता येणार नव्हती. जीपमध्ये मी डिस्क डबीसकट रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. शाळेत आमच्या सरांच्या कपाटात फ्लॉपींची एक थप्पी होती. एक सिस्टिम टाकायची तर एकामागून एक सगळ्या घालाव्या लागायच्या, आणि मधली एक जरी बिघडली तरी सगळं फुकट. पुढे त्या थप्पीच्या जागी एकच सीडी आली. आता ही डिस्क त्या सीडीएवढीच होती, वजनालाही तेवढीच, पण आत तशा कित्येक सीडी मावल्या असत्या. मी ती उन्हात तिरपी धरून पाहिली. रंग दिसले, बाकी काहीच दिसलं नाही.

काकूच्या कोनाड्यात बीटीच्या पाकिटांसोबत येणाऱ्या साध्या बियांच्या पुड्या पडलेल्या होत्या. त्या कडेने पेरायच्या असतात, पण कोणी पेरत नाही. मी जागा करायला त्या उचलल्या, तर मुठीत मावल्या. एवढ्याशा पुडीत शेताची एक अख्खी कड असते, हे तोवर कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

ड्राइव्ह आणि मेमरीची पट्टी बसवून डिस्क आत घातली. पडद्यावर टक्के हळूहळू चढू लागले, आणि मधेच बाहेर घरघर झाली. पडदा काळा पडला.

"काय झालं वं?" काकूने विचारलं.

"परत पहिल्यापासून."

"चाच्यायची गिरणी लागली. जुनी टाकली तवा तं त्यायचा चहा पिऊन होईलोक काम झालं होतं!"

तेच तर होतं. शेजारच्या चाचांची पिठाची गिरणी सुरू झाली की आमच्या ओळीतली वीज दबायची, आणि काकूच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. जुनी सिस्टिम चाचांच्या एका चहात बसली होती. नवी तिच्या कितीतरी पट मोठी होती. शिवाय दुपारी वीज जाणार होती.

काकू चाचांना घेऊनच आली.

"बेटा, कितना टाइम?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले.

"म्हंजे लाइनीतल्या लोकायनं तोवर गहू फाकायचे का?" म्हणत ते हसले, आणि जाऊन गिरणीचा पट्टा उतरवून आले.

मग दळणवाल्या बायाच आत आल्या. डबे कडेवरून खाली ठेवून कापसाला टेकून बसल्या. पडद्यावरचा आकडा बदलला की सगळ्यांच्या माना एकदमच हलायच्या.

"काय चाललं वं थ्यात?" एका आजीने विचारलं.

"फायली उघडतायत."

"लय हायेत?"

"हजारो."

"अन् होत्या कुठं?"

मी डिस्कची रिकामी डबी दाखवली. आजीने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ह्याच्यात तं माही भाकर बी बसत नाही," त्या म्हणाल्या, आणि डबी अगदी जपून मला परत दिली.

काका आत आले नव्हते. ते उंबऱ्याबाहेर उभे होते. उशिरा आलेला एकजण पोतं टेकवत ओरडला, "चाचा, गिरणी काऊन बंद? लावा ना!"

"थांब बे," काकाच म्हणाले. "आत काम चालू आहे."

काकूने वळून पाहिलं नाही. फक्त तिचा पदर चाळवणारा हात थांबला.

थोड्या वेळाने काका खिडकीतून हळूच म्हणाले, "किती झालं?"

"संपत आलं."

तेवढ्यात पडदा पुन्हा काळा झाला. "गेली!" सगळ्या बाया एकदम म्हणाल्या. कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन सुरू होणार हे मला ठाऊक होतं, तरी मीही पुढे झुकले. मग काळोखात रंग उगवले आणि एक निळा पडदा उघडला. काकूने एकेक कळ शोधून गावाचं नाव टाइप केलं. ते अख्खं उमटलं. एकही चौकोन नाही.

"चाचा, लावा आता," काका बाहेरून म्हणाले.

गिरणी घरघरली. पडदा विझला, आणि जरा वेळाने आपणच परत आला. जसाच्या तसा. आता सिस्टिम आत कायमची बसली होती. आजी अजून तिथेच उभ्या होत्या, डबा विसरून.

आता सिस्टिम इंटरनेटच्या वाऱ्यावरून येते, हातात धरायला काहीच नसतं. ती आणखी फुगत चालली आहे. तरी मोठी म्हटलं की मला ती डबी आणि तिच्यावरचा आजींचा हात आठवतो.

सकाळी गिऱ्हाईक जीप घेऊन आलं. काकांनी त्याला चहा दिला, लुगडं बाजूला सारलं आणि म्हणाले, "देनं नाही आता. तुमचा काही अर्ज-बिर्ज असंल तं सांगा."

त्याने जरा विचार केला. मग डोक्यावरची टोपी काढून तो कापसाशेजारी बसला आणि काकूला मजकूर सांगू लागला.