बारा ग्रॅमची बाई

वहिनीला आठवा लागला होता आणि नळावरून हंडा आणताना ती दोनदा भिंतीला टेकायची. पापण्या आतून पांढऱ्याफटक. मी तेव्हा जळगावला एफ.वाय. बी.एस्सी.ला होते, पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल, आणि रक्ताचा धडा नुकताच झाला होता. वहिनीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं. हे दुसरं आमच्याकडे, सावद्याजवळच्या गावात, घरातच होणार होतं. माय म्हणायची, "बाळंतपण म्हणजे काय दुखणं हाये?" माझं डोकंच फिरायचं.

शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या मामांच्या हातापाया पडून हिमोग्लोबिन मोजायची पेटी दोन दिवसांसाठी घरी आणली. काम सोपं असतं. नळीत थोडं ॲसिड, त्यात बोटातलं रक्त. दहा मिनिटांत ते तपकिरी होतं. मग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. रक्त कसदार असलं की पाणी भरपूर लागतं. वहिनीचा रंग आठ-दहा थेंबांतच जुळला. पाच ग्रॅम! पुस्तकात बाईला बारा सांगितले होते.

"हिला दवाखान्यात न्या," मी म्हटलं. "घरी झालं तर ही हातची जाईल."

"काय वंगाळ बोलू राह्यली व पोरी!" माय कडाडली. "तुह्या मशीनले काय कळते?"

भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, तसा मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "मशीन बिघडलेलं असंल. माहं पाह्य." त्याचं पाहिलं, पंधरा. आबांचं, म्हणजे वडिलांचं पाहिलं, चौदा. पाणी घालून घालून माझा हात दुखला. भाऊ म्हणाला, "मशीन तर चांगलं हाये." मला वाटलं, जिंकले.

कसलं काय! माय पुढे सरसावली. "बाप्यामाणसाशी काय बरोबरी करते? घे, माहं घे." तिचे सहा आले. आणि माय चक्क खूश! "पाह्य! मीबी तशीच. सहा लेकरं झाली, मले काय झालं?" भाऊने मान डोलावली. बायांचं एवढंच असतं, असं आमच्या ओट्यावर ठरूनही गेलं.

त्याच आठवड्यात सरांनी उत्क्रांती शिकवली होती. जे टिकतात त्यांचंच पुढे चालतं. माय टिकली म्हणून बोलत होती. आत्या दुसऱ्या बाळंतपणात गेली, ती थोडीच बोट पुढे करायला येणार होती? हे मी तोंडावर बोलले. माय म्हणाली, "तिचं नशीब."

आता मला एकच हवं होतं. एक बाई, बारा ग्रॅमची. भाऊला डोळ्यांनी दाखवायला एक तरी. पेटी काखोटीला मारून मी गल्ली पालथी घातली. पलीकडची काकू, जिच्या आवाजाने बैल बिचकायचे, ती साडेसहा. केळीच्या बागेतून आलेली एक, सात. एका म्हातारीने बोट देताना डोळा मारला, "पोरी, लगीन जुळवू राह्यली का माहं?" तिचे पाच. नव्या सुनेचे आठ, तीच गल्लीतली सगळ्यांत श्रीमंत. अहो, आख्ख्या गल्लीत एक बाई नसावी? रडू यायला लागलं. ॲसिड संपत आलं होतं. माझे स्वतःचे कॉलेजात साडेसात आले होते, म्हणजे मीही बाद.

मग मी परसात बसले आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचली. रंग जुळला तरी थांबले नाही. पाणी घालत गेले, बाराच्या रेघेपर्यंत. रंग पार उडाला, पण भाऊला रंगातलं काय कळत होतं? त्याला आकडा कळत होता.

"हे माझं," मी नळी पुढे केली. "धडधाकट बाईचं एवढं असतं."

भाऊ बघतच राहिला. मायचा चेहरा उतरला. "तुह्यात बारा," ती म्हणाली, "आन् माह्यात सहा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊने जीप ठरवली.

वहिनी वाचली, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर हे लिहायची माझी छाती झाली नसती. पण जळगावला डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, आधी रक्त चढवायला लागेल, घरच्या कोणीतरी द्या. भाऊने मला पुढे केलं. "हिचं घ्या, साहेब. हिचं बारा हाये."

रक्तपेढीतल्या माणसाने माझं बोट टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. चांगल्या रक्ताचा थेंब तळाला जातो. माझा वरच तरंगत राहिला.

"हिलाच रक्त चढवावं लागेल," तो म्हणाला.

भाऊने बाही वर केली. त्याचा गट जुळला. तो खाटेवर आडवा झाला, नळी लाल झाली, तेव्हा त्याने मान माझ्याकडे वळवली.

"मग त्या दिवशी ते बारा कोणाचं होतं?"

"कोणाचंच नाही, भाऊ," मी म्हटलं. "पाणी होतं."