बसकाका आणि बीटल्सचं कोडं

आमच्या ह्यांना सगळी शाळा बसकाका म्हणते. उभी हयात पोरांची ने-आण केली आणि बसमध्ये गाणी लावली ती फक्त बीटल्सची. पोरं कंटाळली, हे नाही कंटाळले. मी पेपरसाठी दर आठवड्याला शब्दकोडं तयार करते. छापायला देण्याआधी ते ह्यांच्याकडून सोडवून घ्यायचं आणि जिथं हे अडतील तिथं बदल करायचा, हा आमचा लग्नापासूनचा शिरस्ता.

गेल्या महिन्यात ह्यांच्या मेंदूत गुठळी झाली. नशिबानं हातपाय वाचले. जीभ तर आधीपेक्षा जोरात चालायला लागली! डॉक्टरांची शेवटची तपासणी अजून व्हायची होती, पण हे कुणाचं ऐकतील तर शपथ. आज सकाळी गणवेश चढवून, दारात उभ्या बसची किल्ली घेऊन तयार.

"मला काय धाड भरलीय? पोरं वाट बघतायत."

दाढी अर्धीच केलेली, ताटातलं अर्धं जेवण रोज तसंच राहिलेलं. मी आपली आळशीपणा म्हणून ओरडत होते, पण आज जीव थाऱ्यावर नव्हता. थोडं अडकवून ठेवावं म्हणून नवं कोडं पुढ्यात टाकलं. सगळं बीटल्सवरच.

"एवढं सोडवा आणि मग जा."

हे खूश. त्या चौघांचं बंदराचं गाव, चौघांतला धाकटा, पेन्सिल भराभर चालली.

"झालं! पण बाईसाहेब, ड्रमवाल्याला विसरलात. त्याच्याशिवाय कसले बीटल्स?"

"अहो, नीट बघा."

"बघितलं. नाहीच आहे तो."

ड्रमवाला तर पहिलाच होता. आडवे शब्द, पहिलं शोधसूत्र, डावीकडे अगदी वर. मला वाटलं, चेष्टा करतायत. वाकून पाहिलं. उजवीकडचे सगळे चौकोन भरलेले, डावीकडचा एकही नाही. झोपेतून उठवलं तरी ज्यांची उत्तरं हे देतील, ते सगळे कोरे. दाढी आणि ताटातलं जेवण, तेही डावीकडचंच राहिलेलं.

मी कागद उलटा फिरवला. कोरे चौकोन ह्यांच्या उजव्या हाताला आले.

"हे कुठून आणलेस?"

"तिथंच होते. तुमच्या डावीकडे."

"काहीतरीच काय! डोळे ठणठणीत आहेत माझे."

"मग ड्रमवाला का नाही दिसला?" माझा आवाज चढला. "आणि बसचं दार कुठल्या बाजूला आहे हो? पोरं कुठून चढतात?"

ह्यांनी कागद पुन्हा सरळ केला. मग उलटा. मग सरळ. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली तसे दचकले.

"काल तू बाजारात गेलीस ना, तेव्हा मी बस जरा फिरवून आणली," हे हळूच म्हणाले. "कोपऱ्यावर कुणीतरी किंचाळलं. मी बघितलं गं, अगदी नीट बघितलं. कुणीच दिसलं नाही, म्हणून थांबलो नाही."