चावी पडली की वाजली पाहिजे

डोळे मिटून विश्वास टाकावा असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो आमच्या समोरच्याच दारात राहत होता. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं. त्यांतल्या तेवीस घरांची दुसरी चावी समोरच्या काकांच्या दिवाणखान्यातल्या सागवानी फळीवर टांगलेली असे. चोविसावं घर त्यांचं स्वतःचं. प्रत्येक चावीला दोरा, दोऱ्याला पत्र्याची चकती, चकतीवर ठोकलेला नंबर; आणि चावी न्यायची तर वहीत सही. त्या वहीत सर्वांत जास्त सह्या माझ्या. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर शिकून मी नोकरीला लागलो, तेव्हापासून माझं डोकं कंपनीत आणि चावी दाराच्या आत अशी वाटणी झालेली होती. एकदा तर काकांकडून चावी आणून दार उघडलं, आत माझी चावी सापडली, त्या आनंदात दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. काकांनी शांतपणे चहा पुढे केला आणि म्हणाले, "आता दारच काढून आणा. फळीवर जागा करतो."

काका सरकारी कोषागारातून निवृत्त झालेले. तिथल्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं आणि चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे, असा नियम. त्यांतली एक एकतीस वर्षं काकांच्या कमरेला होती. निवृत्तीनंतर कंबर मोकळी लागते म्हणून त्यांनी ही फळी लावली. सकाळची बुद्धवंदना झाली की फळीवरून फडकं फिरवायचं, महिन्यातून एकदा चाव्यांना तेलाचं बोट लावायचं. मी एकदा त्यावरून काहीतरी चावट बोललो, तर म्हणाले, "अहो, आमच्या आजोबांच्या झोपडीला दारच नव्हतं, कुलूप कुठलं? आणि नातवाच्या हातात सरकारनं तिजोरीची चावी दिली." हे सांगताना त्यांची मान अशी काही ताठ होई, की ऐकताना मीही, काही कर्तबगारी नसताना, खुर्चीत सरळ होऊन बसे.

पण पुढे शहरात आयटीचा पैसा आला आणि सोसायटीतल्या दारांना बोट लावून उघडणारी कुलपं बसू लागली. एकेक जण येई, संकोचानं आपली चावी मागे, काका सही घेऊन देत. फळीवर खिळे जास्त आणि चाव्या कमी झाल्या. शेवटी नऊ उरल्या. अशात मी नवी गाडी घेतली. तिला चावी अशी नव्हतीच. एक रिमोट होता, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा, आणि दुसरं म्हणजे एक कार्ड; ते खिशात असलं की गाडी आपोआप उघडे. दोन्ही घेऊन मी ऐटीत काकांकडे गेलो. त्यांनी रिमोट तळहातावर तोलला, कार्ड उलटंसुलटं पाहिलं. "ही निदान वस्तू आहे," ते रिमोटबद्दल म्हणाले. "हे तर नुसतं ओळखपत्र झालं. चावी पडली की वाजली पाहिजे. जी वाजत नाही, ती हरवली तरी कळत नाही." मी रेडिओलहरींवर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि दुसरी चावी म्हणून कार्ड त्यांच्या हवाली केलं. फळीवर कित्येक वर्षांनी नवा पाहुणा आला होता. काकांनी त्याला नवी चकती ठोकली.

प्रश्न दोऱ्याचा आला. कार्डाला भोक नव्हतं. काकांनी दाभण तापवलं, आणि थांबले. "आत काही असेल का हो?" मी, वीस वर्षं कॉम्प्युटरमध्ये घालवलेला तज्ज्ञ, म्हणालो, "काका, नुसतं प्लास्टिक आहे. पाडा."

पुढच्याच महिन्यात, एका रविवारी सकाळी, मंडईबाहेर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी गाडीपाशी उभा होतो आणि रिमोट मुका झाला होता. मी बटण दाबलं, फुंकर मारली, शर्टाला पुसलं. मेथीवाल्या बाईंनी "गाडी तुमचीच हाय ना?" असं विचारल्यावर मात्र मी काकांना फोन केला. पंचाहत्तरीचे काका रिक्षा करून आले. कार्ड रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवलं होतं. ते त्यांनी गाडीसमोर धरलं. दाराला लावलं. काचेला लावलं. गाडी ढिम्म. मला दाभण आठवलं. काका त्या भोकाकडे पाहत राहिले. "फळीवरच्या चावीनं दार उघडलं नाही, असं आजवर झालं नव्हतं," ते म्हणाले. "आता उतरवावी फळी."

"काका, भोक मी पाडायला लावलं," मी म्हणालो.

"पाडलं मी. फळी माझी." एवढंच बोलून त्यांनी हात पुढे केला. "तो मेलेला आणा इकडे."

रिमोट त्यांनी कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. मंडईच्या त्या कल्लोळात त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण चेहरा बदलला. "आत लोखंड आहे." नखानं एक खटका दाबला, आणि रिमोटच्या पोटातून बोटाच्या पेराएवढी खरीखुरी चावी बाहेर आली. दाराची मूठ चाचपून तिच्याखाली झाकलेलं कुलपाचं भोकही त्यांनीच शोधलं. दार उघडलं, आणि गाडी चोर आल्यासारखी बोंबलू लागली. अर्धी मंडई जमली. काका मात्र त्या गलक्यात तिजोरी उघडल्यासारखे उभे. त्यांच्या हुकमावरून मी गाडीतलं माहितीपुस्तक आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. त्यात लिहिल्याप्रमाणे मेलेला रिमोट गाडी सुरू करायच्या बटणाला टेकवला, गाडी चालू झाली, बोंब थांबली. मेथीवाल्या बाईंनी काकांना एक जुडी फुकट दिली. मला नाही.

फळी उतरली नाही. ते मेलेलं कार्डही चकतीसकट तिथेच राहिलं, माझ्या शिक्षणाचं स्मारक म्हणून.

गेल्या वर्षी काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले. निघताना फळीवरच्या चाव्या ज्याच्या त्याला दिल्या, सह्या घेतल्या, आणि शेवटी माझ्या हातावर पितळेची एक जड चावी ठेवली. चोविसाव्या घराची. ती मी कधीच कुणाकडे पाहिली नव्हती. मी म्हणालो, "काका, मला ओळखता ना? माझ्याकडून हरवली तर?"

वही पुढे करत ते म्हणाले, "पडली तर वाजेल. तेवढं ऐका."

आमच्या दाराशी आता एक खिळा आहे. दर रविवारी मी समोरचं घर उघडून खिडक्या उघडतो, रिकाम्या फळीवरून फडकं फिरवतो, आणि बाहेर आल्यावर, दार ओढण्याआधी, चावी हातात आहे ना ते पाहतो. अजून एकदाही चुकलो नाही.