गुरुप्रसादरावांचं हमखास वाक्य

कुवेतमधल्या एकोणीस वर्षांत गुरुप्रसादराव मुळ्यांची वाचा बसलेली कुणी पाहिली नव्हती. ती बसली मार्चमधल्या एका संध्याकाळी, मिरकाब भागातल्या त्यांच्या राहत्या फ्लॅटमध्ये, आणि तीही ओहायोतल्या एका बाईंनी विचारलेल्या साध्यासुध्या प्रश्नाने.

माणूस मूळचा नाशिकचा. एका तेल कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे हजारो कागदांना नंबर देऊन ते पोटच्या पोरासारखे सांभाळणारा. इथल्या मराठी मंडळींत कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला, कुणाच्या मुलाचा कॉलेजचा फॉर्म भरायचा असला, की पहिला फोन यांनाच. अर्ज हाती आला की ते असे तुटून पडत, की अर्जदाराने फक्त सही करावी आणि सुनंदावहिनींच्या हातचा चहा पिऊन घरी जावं. "माझ्या हातचा अर्ज आजवर परत आलेला नाही," असं ते चारचौघांत सांगत. ते खरंच असल्यामुळे ऐकून घ्यावं लागे.

या अर्जांत त्यांचं एक हमखास वाक्य असे. तरुणपणी पहिल्याच मुलाखतीत साहेबाने बायोडेटामधली कबड्डी वाचून विचारलं होतं, "खेळायला येणार की कामाला?" नोकरी काही मिळाली नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस! तेव्हापासून अर्जात तबला असो की बुद्धिबळ, शेवटी ते लिहीतच: हा केवळ छंद असून, अभ्यासाच्या आड आल्यास अर्जदार तो तत्काळ सोडून देईल. आपल्याकडच्या प्रिन्सिपॉलना हे वाचून बरं वाटायचं. आईबापांना तर फारच.

आणि घरात ज्ञानदा. एकुलती एक मुलगी, बारावीत, शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. टीमचे कोच कमालसर इजिप्तचे. त्यांनी आईवडिलांना बोलावून सांगितलं, की अमेरिकेतलं एखादं कॉलेज हिला स्कॉलरशिप देऊन टीममध्ये घेईल, पण तिथल्या कोचना मेल हिने स्वतः लिहायला हवेत. यातलं पहिलं वाक्य गुरुप्रसादरावांनी ऐकलं. दुसरं ऐकेपर्यंत त्यांच्या डोक्यात चाळीस कॉलेजांची यादी तयारही झाली होती.

"पोरीला काय कळतंय मेल लिहायला?" ते घरी येऊन म्हणाले. तिच्या नावाने त्यांनी नवा मेल उघडला. तिने अडवलेल्या गोलांची फिल्म कमालसरांनी करून दिली, ती जोडली. पहिल्या चार ओळींच्या मेलला अकरा कोचची उत्तरं आली: फिल्म सुरेख आहे, आणखी माहिती पाठव. गुरुप्रसादरावांना कोण हुरूप आला! त्यांनी दोन पानी, झकास पत्र धाडलं. त्यानंतर अकराच्या अकरा गप्प झाले. दोन महिने एक ओळ नाही. आणि मग त्यांच्यापैकीच ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचबाईंनी व्हिडिओ कॉल मागितला.

कॉलला ज्ञानदा लॅपटॉपसमोर बसली. गुरुप्रसादराव इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, बाजूच्या स्टुलावर.

"तुझ्यासारखी गोलकीपर मला तीन वर्षांत दिसली नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारते. तू लिहिलंयस, फुटबॉल हा फक्त छंद आहे आणि तू तो कधीही सोडशील. मग मी तुला जागा का द्यावी?"

गुरुप्रसादरावांच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा कोच गप्प का झाले, ते त्यांना एका क्षणात कळलं. एकोणीस वर्षं ज्या वाक्याने लोकांची पोरं मार्गी लागली, त्याच वाक्याने त्यांनी स्वतःच्या पोरीच्या तोंडावर एक नव्हे, अकरा दारं बंद केली होती. दहा तर गेलीच होती.

"ते मी नाही लिहिलं," ज्ञानदा इंग्रजीत शांतपणे म्हणाली. "माझ्या बाबांनी लिहिलं."

बाई म्हणाल्या, "उद्यापर्यंत तू स्वतः लिही. मग बघते."

लॅपटॉप मिटला. "अगं, मला काय माहीत…" गुरुप्रसादरावांच्या तोंडून पुढे शब्दच फुटेना.

"बाबा, मी ते लेटर जानेवारीतच वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आय थॉट यू मेन्ट इट. मला वाटलं, तुम्हाला खरंच तसंच वाटतं."

हा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. त्यांना तसं वाटत नव्हतं. की वाटत होतं? इतकी वर्षं इतक्यांदा लिहिल्यावर हेही सांगता येईना, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

त्या रात्रीच ज्ञानदाने लिहून पाठवलं. कुणाला दाखवलं नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं: जागा पक्की, निम्मी फी माफ. सुनंदावहिनींच्या डोळ्यांना धारा लागल्या. गुरुप्रसादराव आनंदले, पण मनातून हादरलेलेच होते.

"तू असं लिहिलंस तरी काय?" त्यांनी न राहवून विचारलं.

"लिहिलं, की माझ्या बाबांनी माझी एकही मॅच पाहिलेली नाही. त्यामुळे मी काय आहे, ते त्यांना माहीत नाही. तुम्ही फिल्म पाहिलीय, तुम्हाला माहीत आहे."

सहा वर्षं तिच्या मॅच शनिवारी सकाळी होत आल्या होत्या! शनिवारची सकाळ लोकांच्या अर्जांची, हे घरात कधी कुणी ठरवलंही नव्हतं.

"पुढची मॅच कधी आहे?" त्यांनी विचारलं. "मी येतो, लागली तर रजा टाकतो."

"सीझन संपला, बाबा," ज्ञानदा म्हणाली. "फायनल मंगळवारी झाली."