वाडीच्या डोक्यावरचा खांब

चंदर विशेच्या घरातून येणारा तो आवाज शेजाऱ्यांना कधी आवडला नाही. पत्र्याच्या डब्यात रातकिडा कोंडावा तसा कर्रर्र वाजायचा आणि गप्प व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा. कौलांवर उभा केलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि हा आवाज, एवढ्यावरून मुरबाडच्या त्या गल्लीत नाना गोष्टी निघाल्या. एकदा पोलीस येऊन लायसन बघून गेले, तेव्हा नळावर बायकांनी त्याच्या बायकोला, गिरजाला, विचारलंच, "तुझा नवरा बोलतो तरी कोणाशी गो?"

चंदर बोलत नव्हता, लिहीत होता. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. मुंबईला जाऊन परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा परवाना मिळवला, आणि कारखान्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. कल्याणचे रणदिवे नावाचे जुने रेडिओवाले त्याला गुरुस्थानी होते. त्यांच्या मदतीने त्याने एक छोटा डबा जोडला. कॉम्प्युटरवर टाइप केलेली अक्षरं हा डबा त्या कर्रर्र आवाजात बदलायचा, आवाज रेडिओ सेटमधून हवेत जायचा, आणि पलीकडचा तसलाच डबा त्याची पुन्हा अक्षरं करायचा. याला पॅकेट रेडिओ म्हणतात. टेलिफोनची तार लागत नाही, कोणाचा आवाज फाटत नाही, आणि एखादं अक्षर हरवलं तर डबा आपणहून परत मागून घेतो.

त्याला याचं वेड लागायला कारण होतं. त्याची थोरली बहीण घाटापलीकडे दिलेली होती. एका पावसाळ्यात ती बाळंतपणात गेली. घाटात दरड येऊन तारा तुटल्या होत्या. बातमी पोचली तेव्हा तिकडे सगळं उरकलेलं होतं. चंदर हे कधी बोलून दाखवत नसे. पण गिरजाला ठाऊक होतं, म्हणून तिने त्या आवाजाची तक्रार केली नाही.

अडचण एकच होती. मुरबाड खोलगटात आहे. कल्याणपर्यंत सिग्नल कधी पोचे, कधी मधल्या टेकड्यांत अडकून राही. रणदिवे म्हणाले, "उंचावर एक पेटी बसव. ती तुझं ऐकेल आणि जसंच्या तसं पुढे फेकेल."

चंदरने घाटाकडच्या वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला जागा हेरली. तिथे चाफेवाडी नावाची ठाकरांची वाडी होती, आणि वाडीच्या थेट डोक्यावर डोंगराचा एक सपाट खांदा. कागदपत्रं होईपर्यंत २००१ चा उन्हाळा उजाडला. वाडीतला नवसू आगिवले त्याच्याबरोबर वर आला. नवसू साठीकडे झुकलेला, मोजकं बोलणारा माणूस. ट्रकची बॅटरी डोक्यावर घेऊन तोच चढला.

खांबासाठी खड्डा खणताना पहार एकदम हातभर आत गेली. खाली माती नव्हतीच असं वाटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घुशीचं बीळ असंल," चंदर म्हणाला.

 नवसूने सिमेंटसाठी आणलेलं हंड्यातलं पाणी खड्ड्यात ओतलं. ते साचलं नाही. आणखी ओतलं, तेही आत गेलं. शेवटी दोघांनी दगड भरले, वर सिमेंट टाकलं आणि लोखंडी पाइप उभा केला. त्याला पेटी, बॅटरी, सोलरची लहान प्लेट, आणि टोकाला कल्याणच्या दिशेने रोखलेला अँटेना. संध्याकाळी घरी येऊन चंदरने कॉम्प्युटर चालू केला. सेटवरचा, सिग्नलचा जोर दाखवणारा काटा पार उजवीकडे गेला. रणदिव्यांचा मजकूर एकही अक्षर न गळता पडद्यावर उतरला, आणि चंदरने गिरजाला हाक मारून तो दाखवला.

पावसाळा संपता संपता काटा डावीकडे सरकू लागला. चंदर वर गेला तर खांब वाकडा झालेला. म्हशीने अंग घासलं असेल म्हणून त्याने पाचर मारून तो सरळ केला, भोवती काटेरी कुंपण घातलं आणि खाली उतरला. उन्हाळाभर काटा जागेवर राहिला.

पुढच्या पावसाळ्यात, लावणी चालू असताना, काटा पुन्हा सरकला. या वेळी नवसूच म्हणाला, "चल, बघू." कुंपण जसंच्या तसं होतं. खांबही सिमेंटमध्ये घट्ट होता. कललं होतं ते सिमेंट, त्याखालचा दगड आणि आजूबाजूची गवताची जमीन. नवसू खांबामागे गेला आणि गवत पायाने चाचपत चालू लागला. एका ठिकाणी त्याने हातातली काठी खाली टेकवली. काठी मुठीपर्यंत आत गेली. तिथून पुढे, गवताखाली लपलेली भेग डोंगराच्या खांद्याला आडवी धरून पार ओहोळापर्यंत गेलेली होती.

खाली वाडीत कोणाच्या तरी चुलीचा धूर कौलांतून वर येत होता. कोंबड्यांचा आवाज अगदी पायाखालून आल्यासारखा ऐकू येत होता.

"बाबा, हा सगळा खांदा सुटलाय," चंदर म्हणाला. "वाडी खाली न्यायला पायजे."

"माझा कोण ऐकंल?"

"तुमचाच ऐकतील. माझा नाय ऐकायचे."

नवसूने ऐकायला लावलं. घरोघर जाऊन त्याने माणसं बाहेर काढली आणि रस्त्यालगतच्या शाळेत आणली. वर्गात चिखल, लहान मुलांची रड, भिजलेला तांदूळ. पाऊस आठवडाभर कोसळला आणि उघडला. डोंगर होता तिथेच होता. माणसं वर परतली तर बिबट्याने रिकाम्या वाडीतल्या शेळ्या फस्त केल्या होत्या. गोमा नावाच्या माणसाची सगळीच दावण गेली. तो नवसूच्या अंगणात येऊन ओरडला, "कुठाय तुझा डोंगर? पडला का? माझ्या शेळ्या तू खाल्ल्यास!"

त्यानंतर वाडीत त्या खांद्याला 'नवसूचा डोंगर' असंच नाव पडलं. पोरं नवसूला बघून 'पळा पळा' ओरडत. जेवणावळीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा राही. चंदरने तालुक्याला अर्ज केला. दोन माणसं आली, भेगेचे फोटो काढून गेली. डोंगर पडला नाही याचा आनंद मानावा, की नवसूला खोटं पाडलं म्हणून त्या डोंगरावर रागवावं, हेच चंदरला कळेना. पडावा असं तर मनातही आणता येत नव्हतं.

त्याने खांब काढायचं ठरवलं. नवसू म्हणाला, "राहू दे. तो हालला तर मला तरी कळंल." म्हणून चंदरने पाइपाच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा बांधला आणि खाली सिमेंटवर रंगाने एक ठिपका केला. ओळंबा ठिपक्यावर असला की ठीक. नवसू गुरं चारायला गेला की तिकडून एक चक्कर मारून येई. काय दिसलं ते वाडीत कोणाला सांगत नसे.

त्यापुढच्या वर्षी आषाढात पाऊस लागला तो हटेचना. टेलिफोन बंद, वीज बंद. चंदरने इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू ठेवला. डोंगरावरची पेटी मधून मधून आपलं नाव हवेत सोडत असे, 'मी आहे' एवढंच सांगणारं. सकाळी ते नाव आलं तेव्हा काटा निम्म्यावर होता. नंतर आलं तेव्हा त्याहून खाली. चंदरने चप्पल घातली, मोटरसायकल काढली आणि वैशाखरेचा रस्ता धरला. वाटेतल्या मोरीवरून तांबडं पाणी छातीएवढं वाहत होतं. पलीकडे उभी असलेली एसटीही तिथेच अडकली होती. तो बराच वेळ पाण्याच्या कडेला उभा राहिला आणि माघारी वळला.

घरात शिरला तेव्हा गिरजा कॉम्प्युटरसमोर बसली होती. "तुझी पेटी बोलायची थांबली," ती म्हणाली.

त्याने पेटीला पुन्हा पुन्हा हाक घातली. पडद्यावर 'उत्तर नाही' एवढीच ओळ उमटत राहिली. मग तो भर पावसात कौलांवर चढला आणि घरचा अँटेना हाताने थेट कल्याणकडे वळवू लागला. गिरजा खिडकीतून ओरडून सांगत होती, "नाय, नाय... आला! थोडा आला! तिथंच धर!" तो पाइप धरून तसाच बसला. चाफेवाडीवर डोंगर सुटलाय, मदत पाठवा, असा त्याने लिहून ठेवलेला मजकूर गिरजाने पाठवला. मजकूर तुकड्या-तुकड्याने गेला, अडखळला, डब्याने हरवलेले तुकडे परत मागितले, परत पाठवले. शेवटी कल्याणहून रणदिव्यांचं उत्तर आलं: मिळालं, कळवतो. त्यांनी कंट्रोल रूमला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओसरताच मदतीच्या गाड्या दुसरीकडे न थांबता चाफेवाडीकडे गेल्या.

वाडीत काय घडलं ते चंदरला नवसूच्या सुनेकडून, जिवलीकडून, कळलं.

त्या सकाळी नवसू अंधुक उजेडातच वर जाऊन आला होता. आला तो सरळ घरोघर फिरू लागला. डोंगराचं नाव त्याने काढलं नाही. म्हणाला, "शाळेत रॉकेल वाटतायत. घरटी नाय, माणशी. पोरांनापण धरतायत. उशीर केला तर संपंल." पावसाने चुली विझलेल्या, सरपण ओलं. माणशी रॉकेल म्हटल्यावर सगळी वाडी डबे आणि कॅन घेऊन, पोरांना काखेत मारून खाली धावली. गोमाही गेला, सगळ्यांच्या पुढे.

नवसूची बायको बाळी पायाने अधू होती. जिवलीच्या नवऱ्याने विचारलं, "आयेला उचलू का?" नवसू म्हणाला, "रॉकेलला म्हातारी कशाला? तुमी व्हा पुढं." म्हातारीला उचलून नेताना कोणी पाहिलं असतं तर डोंगराची गोष्ट उघडी पडली असती, आणि निम्मी माणसं हसून अर्ध्या वाटेवरून मागे फिरली असती. हे जिवलीला नंतर सुचलं. तेव्हा तिला एवढंच वाटलं, की मामा आज उगाच चिडलाय.

शाळेला कुलूप होतं. वाडी पागोळ्यांखाली रिकामे डबे घेऊन उभी राहिली. गोमा म्हणाला, "फसवला म्हाताऱ्यानं. आता येऊ दे त्याला." तेवढ्यात वरून आवाज आला. आधी झाडं मोडल्याचा, मग काहीच नाही, आणि मग जिवलीच्या म्हणण्याप्रमाणे, "आवाज नव्हता तो. छातीत बसला काय तरी." पावसात डोंगर दिसत नव्हता.  गोमाच्या हातातला डबा पडून उतारावरून गडगडत गेला.

नवसू आणि बाळी पायवाटेच्या खालच्या वळणावर सापडले. त्याने तिला लुगड्याने पाठीशी बांधलं होतं. आणखी थोडं उतरले असते तर वाचले असते. वाडीतलं दुसरं कोणी गेलं नाही.

दिवसकार्याला चंदर गेला. मांडवात कोणीतरी म्हणालं की खांबासाठी खड्डा खणला म्हणून डोंगर फुटला. चंदर मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला पहारीचा तो हातभर आत जाणारा धक्का आठवत होता, आणि आपण घुशीचं नाव घेतलं तेही. गोमा उठला आणि बोलणाऱ्या माणसाला म्हणाला, "गप रे." एवढंच बोलून तो मांडवाबाहेर जाऊन बसला.

चंदरने पुन्हा कुठल्या डोंगरावर खांब लावला नाही. मोबाइल आले, रणदिवे थकले, आणि तो कर्रर्र आवाज गल्लीतून कधी नाहीसा झाला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. चाफेवाडीला रस्त्याच्या पलीकडे नवी जागा मिळाली. एका रांगेत सिमेंटची घरं, वर पत्रे.

काही वर्षांनी, वैशाखात, जिवली मुरबाडच्या बाजारात करवंदं घेऊन बसली होती. चंदरला पाहून तिने हाक मारली, द्रोण भरून त्याच्यापुढे धरला आणि पैसे घेतले नाहीत.

"भाऊ, नव्या घरांच्या मागंपण डोंगर हाय," ती म्हणाली. "येऊन बघ एकदा."

"मला काय कळतंय गो डोंगरातलं?"

"तरी बघ."

तो गेला. घरांच्या मागे वर चढून, गवत पायाने चाचपत, या कडेपासून त्या कडेपर्यंत चालला. खाली वाडीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याला काही सापडलं नाही. उतरल्यावर त्याने तसं सांगितलं, आणि जिवलीने विचारलं, "म्हंजे नाय पडायचा?"

चंदरने डोंगराकडे पाहिलं. "आज तरी काय दिसत नाय," तो म्हणाला. "पाऊस लागायच्या आधी परत येतो."